ड्रिफ्ट : कोण सरकतंय, आणि कशाच्या मानाने?

गूगल स्कॉलरवर नुसता ‘ड्रिफ्ट’ हा शब्द टाकून बघा. पहिल्या काही पानांतच खंड सरकताना दिसतील, बेटावरच्या सरड्यांची जनुकं बदलताना दिसतील, एखादी जुनी कंपनी बाजारापासून हळूहळू दूर गेलेली दिसेल, आणि तारेतले इलेक्ट्रॉनही भेटतील. हाच शब्द यूट्यूबवर टाकला, तर जपानमधल्या घाटात एक जुनी टोयोटा आडवी होऊन धूर काढत वळण घेताना दिसते. शब्द एकच. प्रश्न असा, की कल्पना एकच आहे का?

रिसर्चच्या तयारीत असलेल्यांसाठी हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आपण आंतरविद्याशाखीय काम करायला जातो, तेव्हा दुसऱ्या विषयातला शब्द उचलतो आणि त्याच्यासोबत त्याचं सगळं गाठोडंही आपल्या थिसिसमध्ये येतं. ड्रिफ्टच्या गाठोड्यात काय काय आहे, ते आज उघडून बघू.

शब्दाचा एक जुना अर्थ पाण्यावरचा. प्रवाहाने किंवा वाऱ्याने जहाज ठरवलेल्या मार्गापासून बाजूला नेलं, की ते ड्रिफ्ट. मराठीत आपण ‘वाहवत जाणं’, ‘भरकटणं’ म्हणतो, पण त्यात थोडा दोष येतो; पोरगं भरकटलं असं आपण कौतुकाने म्हणत नाही. खलाशाचा ड्रिफ्ट मात्र तक्रार नव्हती, ती मोजायची गोष्ट होती. किती वाहिलो हे कळलं, तर सुकाणू तेवढं दुसरीकडे धरता येतं. आणि मोजायचं, तर कशाच्या तरी मानाने मोजायला हवं: किनारा, तारा, नकाशावरची रेघ. ही अट लक्षात ठेवा, पुढे सतत लागणार आहे.

विज्ञानात हा शब्द शिरला तो भूगर्भशास्त्रातून, आणि तोही चुकीच्या सिद्धांतासोबत. उत्तर युरोपात जिथे तिथे परके मोठे दगड आणि गोटे-मातीचे थर पसरलेले दिसतात. आधी ते नोहाच्या महाप्रलयाच्या नावावर जमा होते. १८३०-४० च्या दशकात चार्ल्स लायेल वगैरे मंडळींनी मांडलं, की समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगांनी हे दगड वाहून आणले. म्हणून त्या थरांना नाव पडलं ‘ड्रिफ्ट’. पुढे लुई आगासीच्या हिमयुगाच्या कल्पनेने ते स्पष्टीकरण मागे पडलं. दगड तरंगत आले नव्हते, जमिनीवरच्या हिमनद्यांनी आणले होते. पण नाव राहिलं. ब्रिटिश भूसर्वेक्षणाच्या नकाशांवर ‘सॉलिड’ आणि ‘ड्रिफ्ट’ अशा दोन आवृत्त्या विसाव्या शतकातही छापल्या जात होत्या. सिद्धांत मेला तरी शब्द पेन्शन खात राहतो, त्याचं हे छान उदाहरण.

आता आल्फ्रेड वेगेनर. शिक्षणाने खगोलशास्त्रज्ञ, कामाने हवामानशास्त्रज्ञ, म्हणजे भूगर्भवाल्यांच्या दृष्टीने बाहेरचा. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टमध्ये त्याने खंड सरकतात अशी मांडणी केली आणि १९१५ मध्ये पुस्तक काढलं. त्याचा जर्मन शब्द होता ‘फेरशीबुंग’, म्हणजे सरकणं, जागा बदलणं. त्यात तरंगण्याचा वास नाही. इंग्रजीत ‘डिसप्लेसमेंट’ आणि ‘ड्रिफ्ट’ दोन्ही चालत होते. टिकला तो ड्रिफ्ट. मराठीत पाठ्यपुस्तकं ‘भूखंडवहन’ म्हणतात आणि विश्वकोशीय मराठीत ‘खंडविप्लव’ असाही शब्द आहे. विप्लव म्हणजे उलथापालथ, बंडसुद्धा. तत्कालीन भूगर्भशास्त्रज्ञांना नेमकं तसंच वाटलं असणार.

वेगेनरचा पुरावा कमी नव्हता. ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका अशा एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूरच्या भूमींवर सापडतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटची तुकडी १९१२ मध्ये बर्फात मेली, तेव्हा त्यांच्या सामानात अंटार्क्टिकातले सुमारे १६ किलो दगड होते, आणि त्यांतही ग्लॉसोप्टेरिस निघालं. आपल्याकडे नागपूर-कामठी भागातल्या वालुकाश्मातून हेच जीवाश्म १८५० च्या दशकात गोळा केले ते स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. ज्या महाखंडाचे हे तुकडे, त्याचं ‘गोंडवन’ हे नावही मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून आलंय.

अडचण होती ती कारणाची. खंड ढकलतं कोण? वेगेनरने पृथ्वीच्या फिरण्यातून येणारा आणि भरती-ओहोटीचा जोर सुचवला. केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीजने हिशोब करून दाखवलं, की हे जोर या कामाला फारच अपुरे आहेत. इथे जेफ्रीज बरोबर होता, हे लक्षात घ्या. वेगेनरची मोजमापंही त्याच्या मदतीला आली नाहीत: रेखांशांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून त्याने ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतंय असं काढलं. आज आपण खंडांचा वेग सेंटिमीटरमध्ये मोजतो. नोव्हेंबर १९३० मध्ये वेगेनर ग्रीनलंडच्याच बर्फावर वारला, वय ५०. तेव्हा त्याचा सिद्धांत हरल्यासारखाच होता.

म्हणजे खलाशाची अट इथे पुरी होत नव्हती. खंड सरकले म्हणायचे, तर कशाच्या मानाने? दुसरा खंडही सरकत असेल तर? स्थिर खूण हवी होती. ती मिळाली लाव्हामध्ये.

बसाल्टचा रस थंड होताना त्यातल्या लोहखनिजांमध्ये त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठते. विषुववृत्तावर ही दिशा जमिनीला समांतर, ध्रुवावर उभी, मधे कुठेही असाल तर तिरपी. तिरपेपणावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येतं. १९५१ च्या सुमारास केंब्रिजमध्ये टेड अर्विंग नावाच्या तरुण संशोधकाला सुचलं, की भारत दक्षिणेतून वर आला असेल, तर दख्खनच्या लाव्हामध्ये त्याची नोंद असणार. त्याने दख्खनचे नमुने मिळवून तपासले आणि नोंद खरंच होती. सह्याद्री जिथे बनला तिथे आज तो नाही. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये भारतातल्या खडकांच्या चुंबकत्वावर पेपर काढला, निष्कर्ष तोच: हा लाव्हा थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. मुंबईत टीआयएफआरमध्येही दख्खनच्या बसाल्टवर असं काम झालं.

अर्विंगचं काय झालं? १९५४ मध्ये केंब्रिजने त्याचा पीएचडीचा थिसिस नापास केला. विषय इतका नवा होता, की तो नीट जोखू शकेल असा परीक्षक मिळणंच अवघड होतं. तो डिग्रीशिवाय ऑस्ट्रेलियाला गेला, काम चालू ठेवलं, आणि १९६५ मध्ये केंब्रिजनेच त्याला डॉक्टरेट दिली. व्हायवाच्या आदल्या रात्री ही गोष्ट आठवून धीर येतो की घाम फुटतो, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पण माझ्या दृष्टीने या गोष्टीतलं सर्वांत मजेदार पात्र अर्विंग नाही. ते आहे रोनाल्ड फिशर, संख्याशास्त्राचा बादशहा, पी-व्हॅल्यू आणि अनोव्हा ज्याच्यामुळे तुमच्या-माझ्या मागे लागले तो. फिशर तेव्हा केंब्रिजमध्येच जनुकशास्त्राचा प्राध्यापक होता आणि खंड सरकले असावेत ही कल्पना त्याला पटलेली होती. अर्विंगच्या भारताबद्दलच्या कामात त्याने रस घेतला. यान हॉस्पर्स या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या आइसलंडच्या लाव्हाच्या आकड्यांसाठी त्याने नवं संख्याशास्त्रच बनवलं: दिशा म्हणजे गोलावरचे बिंदू, मग त्यांची सरासरी आणि विखुरणं कसं काढायचं? तो पेपर १९५३ चा, ‘डिस्पर्शन ऑन अ स्फिअर’. पुराचुंबकत्वाचं काम आजही त्यावर चालतं. त्याच गावात जेफ्रीज बसला होता, जो १९८९ मध्ये वारेपर्यंत खंड सरकण्याच्या विरोधातच राहिला. या दोघांचं संभाव्यतेच्या अर्थावरून १९३० च्या दशकातच एकदा जोरदार वाजलेलं होतं.

तर फिशर ड्रिफ्टच्या बाजूचा. आणि हाच फिशर आयुष्यभर दुसऱ्या एका ड्रिफ्टचा कट्टर विरोधक होता.

तो दुसरा ड्रिफ्ट सूअल राइटचा. राइट अमेरिकेच्या कृषी खात्यात गिनीपिगांच्या पैदाशीवर काम करायचा, १९२६ पासून शिकागो विद्यापीठात. त्याच्या १९३१ च्या मोठ्या पेपरात मुद्दा असा: संख्या लहान असेल, तर पुढच्या पिढीत कोणतं जनुक किती प्रमाणात जाईल हे निव्वळ योगायोगानेही बदलतं. पिशवीत लाल-पांढरे मणी अर्धे-अर्धे आहेत. न बघता दहा काढले, तर पाच-पाचच येतील असं नाही. सहा-चार आले, तर त्याच प्रमाणाची नवी पिशवी भरा, पुन्हा दहा काढा. असं करत राहिलात, तर एक दिवस सगळे एकाच रंगाचे होतात आणि मग परतीची वाट नाही. लाल मणी चांगला होता म्हणून उरला असं काही नाही, उरला एवढंच. पीटर ब्युरीने १९५६ मध्ये हे फळमाश्यांवर करून दाखवलं: १०७ वेगवेगळ्या वसाहती, प्रत्येकीत दर पिढीला ८ नर आणि ८ माद्या, सुरुवातीला जनुकाची दोन रूपं निम्मी-निम्मी. १९ पिढ्यांनंतर ३० वसाहतींतून एक रूप पूर्ण गेलं होतं आणि २८ मध्ये फक्त तेच उरलं होतं.

गंमत म्हणजे हे गणित फिशरने राइटच्या आधी, १९२२ मध्येच केलं होतं. त्यात दोनाच्या पटीची चूक राहिली होती. राइटशी झालेल्या पत्रव्यवहारानंतर ती सापडली आणि १९३० मध्ये फिशरने दुरुस्ती छापली. म्हणजे भांडण सूत्रावर नव्हतंच. भांडण होतं ‘एन’वर, निसर्गातल्या वसाहती खरंच किती मोठ्या असतात यावर. फिशरच्या मते त्या मोठ्या असतात, म्हणून योगायोगाचा वाटा नगण्य. काम करते ती निवड. राइटच्या मते मोठ्या वसाहतीही छोट्या-छोट्या तुकड्यांत विभागलेल्या असतात.

१९४७ मध्ये फिशर आणि ई. बी. फोर्ड यांनी ऑक्सफर्डजवळच्या कॉटहिलमधल्या लाल-काळ्या पतंगांच्या एका वसाहतीची १९३९ पासूनची आकडेवारी छापली. एका दुर्मीळ जनुकाचं प्रमाण काही वर्षांत निम्म्याहून खाली आलं होतं आणि वर्षागणिक हलत होतं. त्यांचं म्हणणं, हजारांत संख्या असलेल्या वसाहतीत इतकं हलणं नुसत्या योगायोगाने होणार नाही, म्हणून ही निवड, आणि म्हणून राइट चूक. त्यातलं शेवटचं ‘म्हणून’ जरा तपासा. एका पतंगाच्या एका वसाहतीतून पूर्ण सिद्धांत कसा पडतो? राइटने १९४८ मध्ये हेच उत्तर दिलं: ड्रिफ्टच सगळं करतो असं मी कधी म्हणालोच नाही. दोघांचे संबंध मात्र कायमचे तुटले.

या वादाचं मूळ शब्दात आहे असं मी म्हणणार नाही, पण शब्दाने मदत केली नाही हे नक्की. भूगर्भशास्त्रात ‘ढकलणारा दाखवा’ ही रास्त मागणी होती. राइटच्या ड्रिफ्टमध्ये ढकलणारा नसणं हेच तर स्पष्टीकरण होतं. एकाच शब्दाने एकीकडे दिशा असलेली गती सांगितली जाते आणि दुसरीकडे दिशा नसलेली.

गणितात हा गोंधळ टोकाला जातो, आणि मॉडेलिंग करणाऱ्यांनी इथे सावध राहावं. यादृच्छिक गतीच्या समीकरणात दोन पदं असतात. सरासरी कुठे चालली आहे हे सांगणारं पद म्हणजे ‘ड्रिफ्ट’, आणि भोवती पसरणं सांगणारं ‘डिफ्यूजन’. बारावीचा तांब्याच्या तारेतला इलेक्ट्रॉन आठवा: वेडावाकडा प्रचंड वेगाने धावतो, पण एका दिशेला सरासरी सरकतो तो सेकंदाला मिलिमीटरच्याही आत. ती बारीक, शिस्तीतली सरक म्हणजे ड्रिफ्ट व्हेलॉसिटी. आता मोतो किमुराने हीच समीकरणं जनुकांना लावली, तेव्हा काय झालं? निवड बसली ‘ड्रिफ्ट’च्या पदात, आणि जनुकशास्त्रातला ड्रिफ्ट बसला ‘डिफ्यूजन’च्या पदात. बरोबर उलट! भौतिकीतून जीवशास्त्रात आलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो, आणि दोष त्याचा नसतो.

शेअर बाजाराच्या गणितातही ड्रिफ्ट म्हणजे अपेक्षित चढ, भौतिकीवाला अर्थ. १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्राने अनेकांना चकित केलं ते यासाठी, की ऑप्शनची किंमत काढताना शेअरचा ड्रिफ्ट समीकरणातून गळूनच जातो. उरतो तो फक्त चढउतार.

किमुराने १९६८ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं, की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, ते योगायोगाने टिकतात. फिशर १९६२ मध्येच गेला होता, त्यामुळे त्याचं उत्तर आपल्याला मिळालं नाही. आज जीनोमवर काम करताना आधी ‘नुसत्या ड्रिफ्टने हे झालं असतं का’ हे तपासतात आणि मगच निवडीचं नाव घेतात. राइटचा योगायोग हा आता जहाजाच्या नकाशावरची रेघ झालाय, विचलन त्याच्या मानाने मोजतात.

किमुराची संस्था मिशिमा गावात, हाकोनेच्या डोंगरांच्या पायथ्याशी. त्याच काळात जपानमधल्या अशाच घाटरस्त्यांवर ड्रिफ्टचा तिसरा अर्थ घडत होता. संबंध काही नाही, निव्वळ योगायोग, आणि या विषयात तो शोभतो. शर्यतीत गाडी आडवी सरकवत वळण घेणं नवीन नव्हतं. १९३० ते ५० च्या दशकांत नुव्होलारी, फँजिओ वगैरे चारही चाकं थोडी घसरवत वळत, कारण त्या टायरांवर तेच सर्वांत वेगवान होतं. टायर सुधारले आणि ती गरज संपली. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशीने (हा आधी मोटारसायकलवर ग्रां प्री जिंकणारा पहिला जपानी) ते तंत्र पुन्हा जिवंत केलं. त्याला बघून केइची त्सुचियाने ते घाटात घोटलं, आणि १९८७ मधल्या त्याच्या व्हिडिओने ते पोरांपर्यंत पोचवलं. २००० च्या सुमारास ‘डी-वन’ ही स्पर्धा सुरू झाली, जिथे वेळ मोजत नाहीत, परीक्षक गुण देतात: कोन किती, रेषा कशी, वेग किती.

इथे शब्दाने कोलांटी मारली आहे. मागची चाकं पकड सोडतात, गाडीचं नाक आत आणि पुढची चाकं उलट बाहेर वळलेली. बघणाऱ्याला वाटतं गेली दरीत. पण ड्रायव्हरच्या पायाखाली प्रत्येक इंच ठरवलेला असतो. वाहवत जाण्याचं नाव इथे काबूला दिलंय.

आणि मग संस्था. १९८० च्या दशकात जेरी जॉन्सनने व्यवस्थापनशास्त्रात ‘स्ट्रॅटेजिक ड्रिफ्ट’ हा शब्द रुजवला: कंपनी थोडी-थोडी बदलत असते, पण बाजार त्याहून जास्त बदलतो आणि अंतर वाढत जातं. पुढे स्कॉट स्नूकचा ‘प्रॅक्टिकल ड्रिफ्ट’ आला, सिडनी डेकरचा ‘ड्रिफ्ट इंटू फेल्युअर’ आला. इथे मला शंका आहे, ती सरळ मांडतो. कंपनी ‘ड्रिफ्ट झाली’ असं लिहिलं की वाक्यातून कर्ता गायब होतो. राइटच्या मण्यांना कर्ता नव्हता म्हणून ते ठीक होतं. मीटिंगला कर्ते असतात, मिनिट्स असतात, सह्या असतात.

ते कर्ते शोधायचं काम कसं करतात, ते बघायचं तर समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांचं १९९६ चं चॅलेंजरवरचं पुस्तक वाचा. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत चॅलेंजर फुटलं, बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंगमुळे. व्हॉन यांनी सुरुवात केली ती ‘वेळापत्रकासाठी नियम धाब्यावर बसवले’ या गृहीतकाने. कागद वाचत गेल्यावर ते टिकेना. ओ-रिंगची झीज १९८१ पासून दिसत होती. प्रत्येक वेळी अभियंत्यांनी ती तपासली, नियमाप्रमाणे नोंदवली, ‘स्वीकारार्ह धोका’ ठरवली आणि सही केली. पुढच्या वेळी तुलना होत होती ती मूळ डिझाइनशी नाही, मागच्या वेळच्या सहीशी. डिझाइनमध्ये झीज मुळीच अपेक्षित नव्हती. खलाशाच्या भाषेत सांगायचं तर किनाराच जहाजासोबत चालत होता. व्हॉन यांनी याला ड्रिफ्ट म्हटलं नाही. ‘नॉर्मलायझेशन ऑफ डिव्हिअन्स’ म्हटलं, म्हणजे विचलनालाच रीत बनवणं. शब्द बोजड आहे, पण त्यात बनवणारा कोणीतरी आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया उडालं. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. आधीच्या उड्डाणांमध्ये फोम इतक्यांदा निघाला होता, की त्याची गणना सुरक्षेच्या प्रश्नात न होता परतल्यावर करायच्या दुरुस्तीच्या कामात होऊ लागली होती. १ फेब्रुवारीला कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी परतताना गेले. चौकशी मंडळाने व्हॉन यांना बोलावलं, आणि त्यांच्या विश्लेषणाचा ठसा अहवालात चॅलेंजर आणि कोलंबिया शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या प्रकरणावर उमटला.